मोटोरोला हे नाव आलं कुठून? दोनदा बुडालेल्या पॉल गॅल्विनची आणि कार रेडिओची गोष्ट

गेल्या दिवाळीत मी बाबांच्या जुन्या हॅचबॅकमध्ये नवीन टचस्क्रीन स्टिरिओ बसवून घेतला. गाडी २०१० सालची. कंपनीने दिलेला मूळ स्टिरिओ एफएम आणि सीडी सोडून काही वाजवत नव्हता. ब्लूटूथ नाही, यूएसबी नाही. नवा बसवला, मागे एक छोटा ॲम्प्लिफायर लावला, बाबा खूश. घरी येताना मात्र लक्षात आलं की ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून बारीक शिट्टी ऐकू येते. रेस वाढवली की शिट्टीचा सूरही वर चढतो. दुकानात परत गेलो तर जुन्या गाडीत असं होतंच, असं सांगून त्यांनी मला वाटेला लावलं.

मला ते काही पटलं नाही. दोन-तीन रात्री त्या शिट्टीच्या मागे लागलो आणि वाचत वाचत पोचलो थेट १९३० सालच्या शिकागोत. तिथे एक माणूस हाच प्रॉब्लेम घेऊन बसला होता, फक्त माझ्यापेक्षा शंभरपट मोठा. त्याच्याकडे शिट्टी नव्हती, कानठळ्या बसवणारी खरखर होती. आणि ती गेली नसती तर त्याची कंपनी गेली असती, तीही तिसऱ्यांदा. त्या माणसाचं नाव पॉल गॅल्विन. तुमच्यापैकी काहींच्या खिशात आत्ता मोटो फोन असेल. त्यावरचं नाव याच माणसाने ठेवलेलं आहे, आणि फोनसाठी नाही, कार रेडिओसाठी.

पॉपकॉर्न विकणारा पोरगा

पॉल गॅल्विनचा जन्म २९ जून १८९५ चा. गावाचं नाव हार्वर्ड, पण ते विद्यापीठवालं नाही. हे इलिनॉय राज्यातलं छोटं गाव. गावात रेल्वे थांबायची. कर्जतला गाडी थांबली की वडापाववाले जसे खिडकीशी येतात, तसा हा शाळकरी पोरगा डब्यांशी जाऊन पॉपकॉर्न विकायचा. पुढे इलिनॉय विद्यापीठात गेला, पण पदवी पूर्ण केली नाही. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात होता, फ्रान्समध्ये. म्हणजे हा माणूस इंजिनिअर नव्हता. हे लक्षात ठेवा, कारण पुढे त्याच्या नावावर जे काही जमा झालं, त्यातलं सर्किट त्याने स्वतः काढलेलं नाही.

युद्धावरून आल्यावर १९२१ मध्ये त्याने एडवर्ड स्ट्युअर्ट या मित्राबरोबर विस्कॉन्सिनमधल्या मार्शफील्डला बॅटरीचा कारखाना काढला. १९२३ मध्ये कर थकला म्हणून सरकारने त्याला टाळं ठोकलं. मग गॅल्विन शिकागोत एमिल ब्राख या गोळ्या-चॉकलेटवाल्या उद्योजकाकडे सेक्रेटरी म्हणून नोकरीला लागला. धंदा बुडाला की नोकरी, हे आपल्याकडेही चालतंच. पण डोक्यातला किडा जात नाही. १९२६ मध्ये तो पुन्हा स्ट्युअर्टबरोबर आला, पुन्हा बॅटरी कंपनी, आणि १९२८ मध्ये तीही बुडाली.

या दुसऱ्या बुडण्यात एक गोष्ट मात्र वाचली. तिला म्हणायचे बॅटरी एलिमिनेटर.

ही काय भानगड होती ते सांगतो. १९२० च्या दशकात घरातला रेडिओ बॅटरीवर चालायचा, आणि एका नाही, दोन-तीन वेगवेगळ्या बॅटऱ्यांवर. आत ट्रान्झिस्टर नव्हते, काचेच्या व्हॅक्यूम ट्यूब होत्या. ट्यूबमधली तार गरम करायला कमी व्होल्टेजची एक बॅटरी लागायची, आणि ट्यूबमधून सिग्नल पुढे न्यायला जास्त व्होल्टेजची दुसरी, ४५ किंवा ९० व्होल्टची. त्या संपायच्या, गळायच्या, खर्च व्हायचा. एलिमिनेटर म्हणजे भिंतीतली वीज घेऊन तिचं डीसी करून रेडिओला देणारा डबा. आपल्या भाषेत ॲडॉप्टर. कंपनीचा लिलाव झाला तेव्हा गॅल्विनने आपल्याच एलिमिनेटरचं सामान आणि डिझाइन ७५० डॉलरला परत विकत घेतलं. भाऊ जोसेफ बरोबर होता. २५ सप्टेंबर १९२८ ला शिकागोच्या हॅरिसन स्ट्रीटवर गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशन सुरू झाली. ५ कामगार, आणि पहिल्या आठवड्याचा सगळ्यांचा मिळून पगार ६३ डॉलर.

यात एक गंमत आहे. एलिमिनेटर विकायला सुरुवात केली तोवर थेट विजेवर चालणारे रेडिओ बाजारात आले होते. ॲडॉप्टर फोनच्या आतच बसवून आला तर बाहेरचा ॲडॉप्टर कोण घेणार? गॅल्विनला दिसत होतं की हा माल फार दिवस चालणार नाही. म्हणून तो दुसऱ्या दुकानदारांच्या नावाने रेडिओ सेट बनवून द्यायला लागला. आणि १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला. सगळ्यांनी आपापला साठलेला माल मिळेल त्या भावाला काढला. गॅल्विनसारख्या छोट्या माणसाचे रेडिओ घेणार कोण?

आता उरली फक्त गाडी

घरातल्या रेडिओत मोठ्या कंपन्या होत्या. गाडीतल्या रेडिओत मात्र अजून कोणी घट्ट पाय रोवले नव्हते. गाडीत रेडिओ बसवायचे प्रयोग १९२२ पासून चालू होते, ट्रान्झिटोन नावाचा कार रेडिओही बाजारात होता. तेव्हा कार रेडिओ गॅल्विनने शोधला असं कुठे वाचलंत तर सोडून द्या. कार रेडिओ होता. पण महाग होता, बसवायला किचकट होता, आणि इंजिन चालू केलं की ऐकवत नव्हता.

या कामात गॅल्विनच्या आजूबाजूला दोन तरुण होते. एक विल्यम लिअर, हाच पुढे लिअरजेट विमानं काढणारा. दुसरा एल्मर वेव्हरिंग, इलिनॉयमधल्याच क्विन्सी गावचा, रेडिओ जोडण्यात हात बसलेला. हे दोघे आपापल्या मैत्रिणींना घेऊन मिसिसिपीच्या काठी सूर्यास्त बघायला गेले होते आणि मैत्रिणी म्हणाल्या की गाडीत गाणी असती तर मजा आली असती, अशी एक कथा इंटरनेटवर सगळीकडे सापडते. खरी असेल, नसेलही. गॅल्विनला कार रेडिओ हवा होता तो सूर्यास्तासाठी नाही, कामगारांचे पगार द्यायला.

आता प्रॉब्लेम बघा. आपण स्टिरिओ बदलतो तेव्हा डॅशबोर्डमध्ये त्याच्यासाठी चौकोनी जागा आधीच असते, वायरिंगचा सॉकेट असतो, अँटेना असते, दारात स्पीकरची जाळी असते. १९३० च्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. रेडिओचा डबा, ट्यूनिंगचं बटण, स्पीकर, अँटेना आणि बॅटऱ्या, सगळ्यांसाठी जागा शोधायची. डबा डॅशबोर्डच्या मागे कुठेतरी, आणि त्याचं बटण लवचीक वायररोपने स्टिअरिंगच्या दांड्यापर्यंत आणलेलं. स्पीकर पायाच्या वर. अँटेनासाठी छताचं आतलं कापड उसवून वर तार किंवा जाळी घालायची, कारण तेव्हाच्या बऱ्याच गाड्यांचं छत पूर्ण पत्र्याचं नसायचं. जास्त व्होल्टेजच्या बॅटऱ्यांसाठी गाडीच्या तळाला भोक पाडून खाली पेटी अडकवायची. लाकडी तळ कापताना मालकाचा चेहरा कसा होत असेल! दोन माणसांचे काही दिवस एका गाडीत जायचे.

आणि एवढं सगळं करून इंजिन चालू केलं की खरखर.

ती खरखर यायची कुठून

पेट्रोल इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये स्पार्क प्लग असतो. त्यावर हजारो व्होल्ट देऊन ठिणगी पाडतात. रेडिओच्या इतिहासात सगळ्यात पहिले ट्रान्समीटर असेच होते, ठिणगी पाडणारे. म्हणजे गाडीच्या बॉनेटखाली मिनिटाला हजारो वेळा चालणारं एक अडाणी रेडिओ स्टेशनच आहे, आणि ते एकाच वेळी सगळ्या फ्रिक्वेन्सीवर ओरडतं. वर तेव्हाचं प्रसारण एएम. एएममध्ये गाण्याची माहिती लहरीच्या कमी-जास्त उंचीत असते. ठिणगी लहरीची उंचीच बिघडवते, त्यामुळे रेडिओला गाणं कुठलं आणि ठिणगी कुठली हे कळायला मार्ग नाही.

यावर उपाय एक नव्हता, चार-पाच छोटे उपाय एकत्र करावे लागले. स्पार्क प्लगच्या वायरमध्ये मोठा रेझिस्टर टाकायचा, म्हणजे ठिणगी पडते पण तिचा झटका मंदावतो. जनरेटरवर कपॅसिटर लावायचा, म्हणजे तिथला आवाज वायरिंगमध्ये पसरत नाही. रेडिओ धातूच्या डब्यात बंद करायचा आणि तो डबा गाडीच्या पत्र्याला नीट जोडायचा. वायरी एकमेकींपासून लांब न्यायच्या. यातला प्रत्येक उपाय अर्धवटच होता, पण सगळे केले की गाणं ऐकू यायचं. आजही पेट्रोल बाइकचा स्पार्क प्लग हातात घेऊन बघा. बऱ्याच प्लगच्या नंबरमध्ये आर हे अक्षर असतं. त्याचा अर्थ आतच रेझिस्टर आहे. रेडिओसाठी बाहेरून लावलेला तो तुकडा पुढे प्लगच्या पोटातच जाऊन बसला.

मला विचाराल तर गॅल्विनचं खरं प्रॉडक्ट रेडिओ नव्हताच. कुठल्याही कंपनीची, आधीच विकत घेतलेली, रेडिओसाठी न बनवलेली गाडी घेऊन या, आम्ही तिच्यात गाणं वाजवून दाखवतो, हे त्याचं प्रॉडक्ट होतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला इंटिग्रेशन म्हणतो, आणि ते काम कोणालाच आवडत नाही.

अटलांटिक सिटी

जून १९३० मध्ये अटलांटिक सिटीला रेडिओ बनवणाऱ्यांचं अधिवेशन होतं. गॅल्विनच्या लोकांनी दिवसरात्र खपून एक चालणारा सेट तयार केला आणि तो गॅल्विनच्या स्वतःच्या स्टुडबेकर गाडीत बसवला. शिकागो ते अटलांटिक सिटी हे अंतर साधारण तेराशे किलोमीटर, तेही तेव्हाच्या रस्त्यांवर. स्टॉल घ्यायला पैसे नव्हते. म्हणून त्याने गाडी अधिवेशनाच्या दाराबाहेर लावली, आवाज मोठा केला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्यांना गाडीपाशी बोलवून ऐकवायला लागला. पॉपकॉर्न विकायची सवय कामाला आली म्हणायची. ऑर्डरी मिळाल्या. ढीगभर नाही, पण कंपनी तगेल इतक्या.

त्याच काळातली आणखी एक गोष्ट सांगतात. कर्ज हवं होतं म्हणून गॅल्विनने एका बँकरच्या पॅकार्ड गाडीत रेडिओ बसवून दिला, आणि थोड्याच वेळात त्या गाडीला आग लागली. कर्ज अर्थातच मिळालं नाही. यातलं तिखट-मीठ किती ते सोडून द्या, पण आगीची भीती खरी आहे. बॅटरीपासून निघालेली पॉझिटिव्ह वायर पत्र्याच्या कडेवर घासून सोलली की शॉर्ट होतो, आणि कारची बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर देऊ शकते. म्हणून ॲम्प्लिफायर लावताना फ्यूज बॅटरीच्या जवळ, वीतभर अंतरावर बसवतात. तो ॲम्प्लिफायरच्या टोकाला बसवला तर मधली सगळी वायर उघड्यावरच राहते. तुमच्या गाडीत काम करून घेतलं असेल तर एकदा बॉनेट उघडून बघाच.

नाव याच वर्षी ठरलं. मोटर म्हणजे गाडी, आणि ओला हे तेव्हाच्या आवाजाच्या यंत्रांचं फॅशनेबल शेपूट. ग्रामोफोनचा व्हिक्ट्रोला होता, रेडिओचा रेडिओला होता. म्हणून गाडीतला तो मोटोरोला. पहिल्या ५टी७१ या मॉडेलची किंमत ११० ते १३० डॉलर. तेव्हा फोर्डची साधी मॉडेल ए गाडी सहाशे डॉलरच्या आत यायची. म्हणजे गाडीच्या पाचव्या हिश्शाएवढा खर्च एका रेडिओवर, तोही मंदीत!

त्यामुळे १९३० साल तोट्यातच गेलं. काही ठिकाणी तर चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होतं म्हणून कार रेडिओवर बंदी आणायची चर्चाही सुरू झाली. आज गाडीतल्या मोठ्या स्क्रीनबद्दल जे बोलतात तेच. पण पुढच्या दोन-तीन वर्षांत रेडिओ लहान झाला, बसवणं सोपं झालं. तळाखालच्या बॅटऱ्या गेल्या आणि त्यांच्या जागी व्हायब्रेटर आला. हा एक सतत थरथरणारा स्विच. तो कारच्या ६ व्होल्टच्या डीसीचे तुकडे करायचा, ते तुकडे ट्रान्सफॉर्मरमधून चढवून दोनशेच्या वर व्होल्ट मिळायचे.

हे जुनं वाटत असेल तर आजचा हिशेब बघा. स्टिरिओच्या खोक्यावर ५० वॅट गुणिले ४ असं छापलेलं असतं. गाडी चालू असताना मिळतात १४ व्होल्टच्या आसपास, स्पीकर ४ ओहमचा. त्या व्होल्टेजवर एका स्पीकरला सलग जेमतेम २० वॅट देता येतात, छापा काहीही असो. जास्त हवे असतील तर आधी व्होल्टेज चढवायला लागतं, आणि वेगळा ॲम्प्लिफायर आत तेच करतो. थरथरणाऱ्या स्विचच्या जागी मॉसफेट आले, एवढाच फरक.

१९३४ मध्ये गॅल्विनने गुडरिच या टायर कंपनीशी बोलणी केली. तिच्या दुकानांत टायर बदलायला आलेल्या गाडीत तिथेच रेडिओ बसवून मिळायला लागला, बसवण्यासकट ५५ डॉलरच्या आसपास. चार वर्षांत किंमत निम्म्याहून कमी. गाडी तासभर उभी राहणारच आहे अशी जागा शोधणं, हे मला तरी नवीन सर्किट शोधण्याइतकंच भारी वाटतं.

शिट्टीचं काय झालं

माझ्या शिट्टीचं कारण ठिणगी नव्हतं, आल्टरनेटर होता. आल्टरनेटर एसी तयार करतो, डायोड त्याचं डीसी करतात, पण ते अगदी सपाट नसतं, थोडी लहर उरते. इंजिन जोरात फिरलं की लहरीची फ्रिक्वेन्सी वाढते, म्हणून सूर चढतो. स्टिरिओची अर्थिंगची वायर एका जागी आणि ॲम्प्लिफायरची दुसऱ्या जागी असेल, आणि त्यातला एक जोड नीट नसेल, तर दोन्ही जागांच्या व्होल्टेजमध्ये किंचित फरक पडतो. तो फरक ऑडिओच्या वायरवरून वाहतो आणि ॲम्प्लिफायर त्याला गाणं समजून मोठा करतो. याला ग्राउंड लूप म्हणतात. माझ्या गाडीत ॲम्प्लिफायरची वायर रंग न खरवडताच स्क्रूखाली दाबली होती. तिथला रंग पॉलिश पेपरने काढला, वायर उघड्या पत्र्यावर घट्ट बसवली, ऑडिओची वायर पॉवरच्या वायरपासून गाडीच्या दुसऱ्या बाजूने नेली. शिट्टी बंद. खर्च दहा रुपयांचा पॉलिश पेपर आणि एक रविवार.

आणि गंमत अशी की मोटरगाड्यांसाठी आल्टरनेटर आणण्याच्या मोटोरोलातल्या कामाचं नेतृत्व पुढे कोणी केलं? एल्मर वेव्हरिंगने. रेडिओतली खरखर घालवणाऱ्यानेच मला शिट्टी दिली.

गाडीतून बाहेर

कार रेडिओने पैसा आणला, पण गॅल्विन तिथे थांबला नाही. १९३६ मध्ये कंपनीने पोलिसांच्या गाड्यांसाठी पोलीस क्रूझर नावाचा रिसीव्हर काढला, एकाच चॅनलवर लावलेला. याच वर्षी तो युरोपात फिरून आला आणि युद्ध होणार अशी त्याची खात्री झाली. १९४० मध्ये हातात मावणारा दुतर्फी रेडिओ, हँडी-टॉकी, तयार झाला. १९४३ मध्ये डॅनियल नोबल या इंजिनिअरच्या टीमने पाठीवर घ्यायचा वॉकी-टॉकी बनवला. तो एफएमवर चालायचा. एफएममध्ये माहिती लहरीच्या उंचीत नसतेच, त्यामुळे इंजिनाची खरखर जिथे एएमला छळायची तिथे एफएम साफ बोलायचा.

घरी मात्र काळ वाईट होता. १९४२ मध्ये पत्नी लिलियन यांची इव्हॅनस्टनच्या राहत्या घरी हत्या झाली. खुनी कधीच सापडला नाही. गॅल्विन कामावर परत आला, कारखाना युद्धाच्या ऑर्डरींवर रात्रंदिवस चालू होता.

युद्धानंतर, १९४७ मध्ये, कंपनीचं नावच मोटोरोला झालं. ब्रँड कंपनीपेक्षा मोठा झाला होता. त्याच वर्षी कामगारांना नफ्यात वाटा देणारी योजना सुरू झाली. दोनशे डॉलरच्या आतला टीव्ही आला. १९४९ मध्ये नोबलने फीनिक्सला संशोधन केंद्र काढलं, आणि १९५५ मध्ये तिथल्या कामातून जास्त पॉवरचा ट्रान्झिस्टर बाजारात आला. त्याचा पहिला मोठा उपयोग? कार रेडिओत. ट्रान्झिस्टरला १२ व्होल्ट पुरतात. म्हणजे व्हायब्रेटर गेला, ट्यूब गेल्या, आणि गॅल्विनला १९३० मध्ये ज्या बॅटरीच्या भानगडीने छळलं होतं ती त्याच्या डोळ्यांदेखत संपली.

१९५६ मध्ये मुलगा बॉब कंपनीचा अध्यक्ष झाला. ५ नोव्हेंबर १९५९ ला, ल्युकेमियाने, वयाच्या ६४ व्या वर्षी पॉल गॅल्विन गेला. मोबाइल फोन त्याने पाहिला नाही. हातात धरायच्या मोबाइलवरचा पहिला कॉल मोटोरोलाच्याच मार्टिन कूपरने ३ एप्रिल १९७३ ला न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून केला.

पुढे कंपनीचे तुकडे झाले. फोनचा धंदा २०१२ मध्ये गूगलकडे आणि २०१४ मध्ये लेनोवोकडे गेला. कार रेडिओ बनवणं तर त्याच्या कितीतरी आधी, १९८० च्या दशकातच बंद झालं होतं. नावातली मोटर मात्र अजून फोनच्या पाठीवर आहे.